पुण्यात उपयोजित व संगणकीय गणित शिकायचे असेल तर: प्रवेशापासून प्रकल्पापर्यंत

बारावीनंतर गणितच शिकायचे, पण हवामानाच्या अंदाजापासून इंजिनाच्या रचनेपर्यंत कुठेतरी त्याचा प्रत्यक्ष उपयोग व्हावा अशा रीतीने शिकायचे, असे ठरवून दरवर्षी अनेक विद्यार्थी पुण्यात येतात. त्यांची पहिली अडचण अशी की 'उपयोजित व संगणकीय गणित' या नावाची पदवी महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांत सहसा सापडत नाही. विषय पुण्यात शिकता येतो आणि उत्तम शिकता येतो, पण तो वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेला आहे आणि त्याचे तुकडे विद्यार्थ्याला स्वतःच जुळवावे लागतात. मी मराठी माध्यमातून येऊन याच शहरात हा विषय शिकले. त्या वेळी जे कोणीतरी आधी सांगायला हवे होते, ते इथे क्रमाने लिहीत आहे.

१. विषय कशाचा आहे, हे आधी समजून घ्या

संगणकीय गणित म्हणजे संगणकाचे शिक्षण, असा समज घरोघरी आहे. तो प्रवेशाआधीच दूर झालेला बरा. प्रोग्रॅम लिहिणे हा या विषयाचा एक भाग आहे, पण विषयाचा गाभा वेगळा आहे. निसर्गातील किंवा उद्योगातील एखादी प्रक्रिया समीकरणांत मांडायची, ती समीकरणे बहुधा हाताने सुटत नाहीत म्हणून त्यांचे अंदाजे उत्तर काढण्याची पद्धत शोधायची, आणि ते उत्तर खऱ्या उत्तरापासून जास्तीत जास्त किती दूर असू शकते हे सिद्ध करायचे, अशी तिन्ही कामे त्यात येतात. यांपैकी तिसरे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. संगणक प्रत्येक वेळी काहीतरी आकडा देतोच. तो आकडा किती विश्वासार्ह आहे हे सांगता येणे, ही गणितज्ञाची जबाबदारी आहे.

एक साधा हिशेब पाहा. वीस अज्ञातांची वीस समीकरणे शाळेत शिकलेल्या निश्चयकांच्या पद्धतीने, म्हणजे क्रेमरच्या नियमाने, सोडवायला घेतली आणि निश्चयक विस्तार करून काढले, तर एकेका निश्चयकात २० च्या क्रमगुणिताइतकी, म्हणजे सुमारे २४३ कोटी अब्ज पदे येतात. सेकंदाला एक अब्ज पदे हाताळणारा संगणक घेतला तरी एका निश्चयकाला सुमारे ७७ वर्षे लागतील, आणि असे निश्चयक एकवीस काढायचे आहेत. तीच समीकरणे गाऊसच्या निरसन पद्धतीने सुमारे साडेपाच ते सहा हजार क्रियांत सुटतात, म्हणजे संगणकाला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. दोन्ही पद्धती गणिताच्या दृष्टीने अगदी बरोबर आहेत. बरोबर पद्धतींतून वापरण्याजोगी पद्धत कोणती, हे ठरवणारे शास्त्र तुम्हाला शिकायचे आहे, आणि हा प्रश्न तुम्हाला मनापासून रंजक वाटत असेल तर पुढे वाचा.

२. पदवीचे नाव बाजूला ठेवा, अभ्यासक्रम वाचा

पुण्यातील मुख्य मार्ग असे आहेत.

पहिला मार्ग म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न किंवा स्वायत्त महाविद्यालयातून गणित हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. करणे. फर्ग्युसन (स्थापना १८८५), सर परशुरामभाऊ (१९१६), मॉडर्न, आबासाहेब गरवारे अशा अनेक महाविद्यालयांत ही सोय आहे. फर्ग्युसनमधील गणिताची परंपरा तर जुनी आहे. १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, ठरलेले र. पु. परांजपे पुढे तिथेच प्राचार्य झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता ही पदवी तीन वर्षांत घेता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेता येते. चार वर्षे पूर्ण केल्यास पुढे पदव्युत्तर पदवी एका वर्षात करण्याची तरतूद आहे.

दुसरा मार्ग पाषाणच्या आयसर पुण्याचा, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचा (स्थापना २००६). तिथे बीएस-एमएस हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि प्रवेश आयसर ॲप्टिट्यूड टेस्टमधून होतो. या परीक्षेत गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राबरोबर जीवशास्त्राचेही तितकेच प्रश्न असतात. अकरावीला जीवशास्त्र सोडलेल्या मुलांना हे अनेकदा अर्ज भरल्यानंतर कळते. जीवशास्त्र नसले तरी परीक्षा देता येते. पण मग उरलेल्या तीन विषयांची तयारी अधिक पक्की हवी, आणि जीवशास्त्राची अकरावी-बारावीची मूलभूत प्रकरणे निदान एकदा वाचून जावीत.

तिसरा मार्ग पदव्युत्तर पातळीवरचा आहे. विद्यापीठाच्या गणित विभागात एम.एस्सी. गणिताबरोबर 'इंडस्ट्रियल मॅथेमॅटिक्स विथ कम्प्युटर ॲप्लिकेशन्स' हा अभ्यासक्रम चालत आला आहे, आणि सायंटिफिक कम्प्युटिंग, मॉडेलिंग व सिम्युलेशन यासाठी वेगळा विभाग आहे. ज्यांची पदवी भौतिकशास्त्रात, संख्याशास्त्रात किंवा अभियांत्रिकीत झाली आहे त्यांनी या दोन्हींच्या पात्रतेच्या अटी जरूर पाहाव्यात.

आता सापळ्यांकडे वळू. बी.एस्सी. कम्प्युटर सायन्स ही चांगली पदवी आहे, पण तिच्यात गणिताचा भर बहुधा पहिल्या दोन वर्षांपुरता असतो, आणि तिसऱ्या वर्षी तो सॉफ्टवेअरकडे जातो. बीसीए आणि तत्सम पदव्यांत गणित त्याहूनही कमी असते. त्यामुळे 'कम्प्युटर' हा शब्द पाहून तिथे प्रवेश घेतला आणि नंतर एम.एस्सी. गणिताकडे वळायचे ठरवले, तर 'पदवीला गणित मुख्य विषय हवा' या अटीशी अडण्याची शक्यता असते. म्हणून प्रवेश घेण्याआधी त्या त्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून तीनही वर्षांचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि त्यात पुढील विषय आहेत का ते शोधा: रिअल ॲनालिसिस (लिमिट, सातत्य यांचा सिद्धतांसह अभ्यास), लिनियर अल्जिब्रा, सामान्य व आंशिक डिफरन्शियल इक्वेशन्स, न्युमेरिकल ॲनालिसिस (अंदाजे उत्तरे काढण्याच्या पद्धती व त्यांच्या त्रुटी), प्रॉबेबिलिटी, ऑप्टिमायझेशन आणि एखाद्या भाषेतील प्रोग्रॅमिंग. सातही विषय एका पदवीत क्वचितच मिळतात. चार-पाच मिळाले तर तो अभ्यासक्रम घेण्याजोगा आहे, असे मी म्हणेन. उरलेले मायनर, म्हणजे दुय्यम, विषयातून किंवा स्वयंअभ्यासातून भरून काढता येतात.

३. अर्ज आणि कागदपत्रे

अकरावीचा प्रवेश केंद्रीय पद्धतीने झालेला असल्यामुळे बी.एस्सी.साठीही एकच अर्ज असेल, असे अनेक पालक गृहीत धरतात. तसे नाही. प्रत्येक महाविद्यालयाचा अर्ज वेगळा, शुल्क वेगळे, गुणवत्ता यादीच्या तारखाही वेगळ्या असतात, आणि काही स्वायत्त महाविद्यालये स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात. बारावीचा निकाल लागण्याची वाट न पाहता मे महिन्याच्या सुरुवातीपासूनच तीन-चार महाविद्यालयांची संकेतस्थळे पाहत राहा.

जवळ ठेवायची कागदपत्रे:

- दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, आणि शाळा सोडल्याचा दाखला (मूळ प्रत व किमान तीन छायाप्रती)
- आधार कार्ड, पासपोर्ट आकाराची छायाचित्रे आणि ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक
- महाराष्ट्र राज्य मंडळाव्यतिरिक्त अन्य मंडळातून किंवा अन्य विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजेच मायग्रेशन
- राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र; आर्थिक दुर्बल घटकांसाठी त्या वर्षाचे ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र
- तहसीलदार कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला आणि रहिवास, म्हणजे डोमिसाइल, दाखला
- शिक्षणात खंड पडला असल्यास त्याबद्दलचे प्रतिज्ञापत्र
- स्वतःच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले बँक खाते

यांतील शेवटच्या मुद्द्याकडे फार दुर्लक्ष होते. महाडीबीटीवरून, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरून, मिळणारी शिष्यवृत्ती, मग ती भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असो किंवा राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. केवळ बँकेला आधारची प्रत दिल्याने हे काम होत नाही. खाते थेट लाभासाठी आधारशी संलग्न झाले आहे का, हे बँकेत विचारून खात्री करून घ्यावी लागते. दुसरी अडचण नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, किंवा वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, एवढ्यावरून अर्ज परत येतात. गावाकडून निघण्यापूर्वीच आधारवरील नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्या. उत्पन्नाचा दाखलाही गावच्या तहसीलमधूनच काढून आणा, कारण पुण्यात आल्यावर त्यासाठी परत जाण्यात पहिल्या सत्राचे तास बुडतात, आणि या विषयात पहिल्या सत्राचे तास बुडणे फार महाग पडते. शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

राहण्याच्या खर्चाची चिंता असेल तर महाविद्यालयाच्या वसतिगृहाबरोबर विद्यार्थी साहाय्यक समितीकडेही अर्ज करा. विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना अनेक महाविद्यालयांत चालते आणि तीत ग्रंथालयाचे काम मिळाले, तर पुस्तकांच्या सहवासात दिवसाचे काही तास जातात.

४. पहिले वर्ष: सिद्धता लिहायला शिका

बारावीपर्यंत गणित म्हणजे सूत्र ओळखणे आणि किमती घालणे असते. पदवीच्या पहिल्याच सत्रात रिअल ॲनालिसिस सुरू होते आणि नव्वदच्या वर गुण मिळवलेली मुले गोंधळून जातात. उपयोजित गणित करायचे आहे, मग सिद्धता कशाला, असा प्रश्न याच वेळी मनात येतो आणि पुष्कळ जण हा विषय पाठांतरावर ढकलतात. या विषयातील सर्वांत महागडी चूक हीच आहे, असे मी ठामपणे सांगेन. न्युमेरिकल ॲनालिसिसमधील प्रत्येक हमी, म्हणजे ही पद्धत उत्तराकडे जाते की नाही, किती वेगाने जाते, त्रुटी कितीच्या आत राहते, ही ॲनालिसिसमधल्या लिमिटच्या भाषेतच दिलेली असते. ती भाषा येत नसेल तर पुढची तीन वर्षे तुम्ही केवळ कृती पाठ करत राहाल.

सुरुवात व्याख्यांपासून करा. उदाहरणार्थ, सातत्याची व्याख्या सांगते की एखाद्या बिंदूपाशी, प्रत्येक एप्सिलॉनसाठी (फलनाच्या किमतीत चालणारा फरक) एक डेल्टा (बिंदूपासूनचे अंतर) सापडतो. इथे डेल्टा एप्सिलॉननंतर निवडला जातो, त्यामुळे तो एप्सिलॉनवर अवलंबून असू शकतो. क्रम उलटा केला आणि 'असा एक डेल्टा आहे जो प्रत्येक एप्सिलॉनला चालतो' असे लिहिले, तर अर्थ पार बदलतो: मग ते फलन त्या बिंदूभोवतीच्या एका छोट्या अंतरालात स्थिरच असावे लागते. उत्तरपत्रिकेत हा क्रम चुकला की गुण जातात, आणि जायलाच हवेत. प्रत्येक व्याख्येखाली तिला लागू पडणारी दोन आणि न पडणारी दोन उदाहरणे स्वतः शोधून लिहिण्याची सवय लावून घ्या. मराठी माध्यमातून आलेल्यांनी व्याख्या आधी स्वतःच्या शब्दांत मराठीत मांडावी आणि मग इंग्रजीत लिहावी. तर्क मराठीत पक्का बसला की इंग्रजी वाक्ये आपोआप सुधारतात.

पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात जाल तेव्हा गाईड आणि सोडवलेल्या प्रश्नसंचांपासून पहिले वर्षभर तरी दूर राहा. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नसलेली पुस्तके विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात पाहता येतात. तिथे प्रवेशासाठी महाविद्यालयाचे पत्र लागेल का, हे आधी विचारून घ्या. लॉ कॉलेज रस्त्याजवळ भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ साली स्थापन केलेल्या या संस्थेत व्याख्याने व वर्ग होतात आणि केवळ गणिताला वाहिलेले ग्रंथालय आहे. पुण्यात राहून तिथे एकदाही न जाणारे गणिताचे विद्यार्थी पाहिले की मला मनापासून वाईट वाटते.

५. संगणक: साधने थोडी, सराव भरपूर

महागडा लॅपटॉप घेण्याची गरज नाही. आठ जीबी रॅम असलेला साधा लॅपटॉप पदवीच्या सगळ्या कामांना पुरतो, आणि तोही नसेल तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा गूगल कोलॅबवर काम भागते. सॉफ्टवेअरही विकत घ्यावे लागत नाही. पायथन आणि त्यातील नम्पाय, सायपाय व मॅटप्लॉटलिब ही तीन पॅकेजेस, शिवाय मॅटलॅबऐवजी मोफत मिळणारे ऑक्टेव्ह किंवा सायलॅब, एवढ्यावर सुरुवात करा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथन, सायलॅब आणि लेटेक यांचे छोटे व्हिडिओ धडे मराठीतूनही आहेत, त्यांचा फायदा घ्या. लेटेक दुसऱ्या वर्षापर्यंत यायलाच हवे, कारण गणिती मजकूर लिहिण्याची सर्वमान्य रीत तीच आहे.

एक भाषा नीट शिकल्यावर सी किंवा सी++ ची तोंडओळख करून घ्या, म्हणजे मेमरी, लूपचा वेग या गोष्टी कळतात. एकाच वर्षी चार भाषांची प्रमाणपत्रे गोळा करण्यात मात्र वेळ घालवू नका.

इथे एक सापळा महाविद्यालयातच तयार होतो. प्रॅक्टिकलची जर्नल वरच्या वर्गातील मुलांकडून घेऊन उतरवण्याची प्रथा जवळजवळ सगळीकडे आहे. सही मिळते, गुण मिळतात, आणि पद्धत कुठे मोडते हे कधीच पाहायला मिळत नाही. जर्नलमधले प्रत्येक उदाहरण स्वतः चालवा, आणि चालल्यावर किमती बदलून ते मोडायचा प्रयत्न करा.

६. न्युमेरिकल ॲनालिसिस: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

या पायरीवर मी थोडी अधिक रेंगाळणार आहे, कारण उपयोजित आणि संगणकीय हे दोन्ही शब्द इथे खरे होतात.

पहिला प्रयोग आजच करता येईल. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करा, उत्तर ०.३ येत नाही, सतराव्या दशांश स्थळी ४ दिसतो. संगणक संख्या द्विमान पद्धतीत साठवतो आणि ०.१ ही संख्या त्या पद्धतीत सांत लिहिता येत नाही, म्हणून हे होते. १९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकानुसार डबल प्रिसिजन संख्येत सुमारे १५ ते १६ सार्थ अंक टिकतात. एवढे अंक कोणालाही पुरतील, असे वाटते. आता दुसरा प्रयोग करा. १ मधून कॉस क्ष वजा करा आणि येणाऱ्या उत्तराला क्षच्या वर्गाने भागा. क्ष शून्याकडे जाताना या राशीचे लिमिट ०.५ आहे, हे तुम्ही बारावीत सिद्ध केलेले आहे. क्षची किंमत १० चा उणे आठवा घात घेऊन संगणकाला विचारा. तो शून्य असे उत्तर देईल, म्हणजे पूर्णपणे चुकीचे, आणि कोणतीही सूचना न देता.

कारण शोधा. त्या क्षसाठी कॉस क्ष आणि १ यांतील फरक सुमारे ५ गुणिले १० चा उणे सतरावा घात इतका आहे. तो संगणकाच्या अचूकतेपेक्षा लहान असल्यामुळे कॉस क्ष साठवतानाच १ होऊन बसतो, आणि १ मधून १ गेल्यावर काही उरत नाही. उपाय बारावीच्याच त्रिकोणमितीत आहे: १ वजा कॉस क्ष याऐवजी क्षच्या निम्म्याच्या साइनच्या वर्गाची दुप्पट लिहा. गणिताच्या दृष्टीने दोन्ही राशी एकच आहेत, पण दुसऱ्या रूपात जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी होत नाही आणि संगणक ०.५ हे बरोबर उत्तर देतो. वहीत समान असलेल्या दोन राशी संगणकावर समान नसतात, ही गोष्ट ज्याला या प्रयोगातून कळली त्याला विषयाचा पहिला मोठा धडा मिळाला.

तिसरा प्रयोग डिफरन्शियल इक्वेशनचा. एखादी राशी तिच्या स्वतःच्या पन्नासपट वेगाने कमी होत आहे, सुरुवातीला तिची किंमत १ आहे. खरे उत्तर झपाट्याने शून्याकडे जाते. ऑयलरच्या साध्या पद्धतीत प्रत्येक पाऊल ०.०५ चे घेतले, तर दर पावलाला आधीच्या किमतीला उणे १.५ ने गुणले जाते, म्हणून किमती १, उणे १.५, २.२५, उणे ३.३७५ अशा वाढत जातात, आणि वीस पावलांनंतर, म्हणजे काळ १ झाल्यावर, उत्तर ३३०० च्या वर पोचलेले असते. पाऊल ०.०४ पेक्षा लहान केले की हे थांबते. ऑयलरची अप्रत्यक्ष पद्धत वापरली तर पाऊल ०.०५ असतानाही दर वेळी किमतीला ३.५ ने भागले जाते, आणि उत्तर शांतपणे शून्याकडे उतरते. स्थिरता, म्हणजे स्टॅबिलिटी, हा शब्द पुस्तकात पहिल्यांदा वाचण्यापूर्वी हे आकडे स्वतः कागदावर काढून पाहा. नंतर त्यावरची प्रमेये वाचताना ती कोणत्या गरजेतून आली हे लगेच कळेल.

याच विषयाचा मोठा अवतार आपल्या पाषाणमध्ये चालतो. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लुईस फ्राय रिचर्डसन यांनी वातावरणाची समीकरणे हाताने सोडवून सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल असा आकडा काढला होता. प्रत्यक्षात दाब जवळपास स्थिर होता. सुरुवातीच्या निरीक्षणांतील वारा आणि दाब यांतील असमतोल त्या हिशेबात वाढत गेला होता. १९२८ मध्ये कूरान्ट, फ्रीड्रिख्स आणि लेवी यांनी वेळेचे पाऊल आणि अंतराची जाळी (ज्या बिंदूंवर हिशेब केला जातो त्यांची मांडणी) यांचा संबंध कसा असावा लागतो हे दाखवले, आणि १९५० मध्ये एनिॲक या संगणकावर हवामानाचा पहिला यशस्वी संगणकीय अंदाज काढला गेला. आज पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, विकसित झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ६ किलोमीटरच्या जाळीवर चालते. ती २०२५ मध्ये सुरू झाली; त्याआधीची जाळी १२ किलोमीटरची होती. आडव्या दोन्ही दिशांना बिंदू दुप्पट, आणि स्थिरतेसाठी वेळेचे पाऊलही निम्मे, असा ढोबळ हिशेब केला तरी काम आठपट होते. जाळी अर्धी करण्यासाठी नवा सुपरकम्प्युटर का लागतो, याचे उत्तर तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात आहे.

७. मायनर विषय विचारपूर्वक निवडा

मित्र घेतात म्हणून किंवा गुण सहज मिळतात म्हणून मायनर निवडू नका. माझे मत स्पष्ट आहे: डेटा, विमा, वित्त यांकडे ओढा असेल तर संख्याशास्त्र घ्या, आणि द्रव, उष्णता, हवामान, यंत्रे यांकडे असेल तर भौतिकशास्त्र घ्या. संगणकशास्त्र घेतल्यास त्यात डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम्स नक्की येतात का, ते पाहा.

८. प्रकल्प आणि इंटर्नशिप

प्रकल्पासाठी विषय छोटा आणि पडताळता येण्याजोगा घ्या. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्सने शेतीचे भविष्य' असल्या शीर्षकापेक्षा 'एका धातूच्या पट्टीतील उष्णतावहनासाठी दोन पद्धतींच्या त्रुटींची तुलना' हे शीर्षक कितीतरी सरस, कारण इथे खरे उत्तर माहीत असते आणि तुमचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहता येते. अहवालात किमान एक आलेख असा हवा, ज्यात जाळी बारीक करत गेल्यावर त्रुटी कशी घटते हे दाखवलेले आहे. पाऊल निम्मे केल्यावर त्रुटी निम्मी होते की चौथाई, एवढे मोजून दाखवले तरी परीक्षकाला तुमची समज दिसते.

पुण्यात हा विषय प्रत्यक्ष वापरणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. आयआयटीएमबरोबर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, १९८८ मध्ये स्थापन झालेली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकम्प्युटर घडवणारी सी-डॅक, विद्यापीठाच्या आवारातील आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, कोथरूडची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था, आणि वाहन उद्योगासाठी सिम्युलेशन करणाऱ्या खासगी कंपन्या इथे आहेत. इंटर्नशिपसाठी पत्र पाठवताना बोनाफाइड प्रमाणपत्र, महाविद्यालयाचे ना हरकत पत्र, गुणपत्रिका आणि एका पानाची माहिती जोडा. शास्त्रज्ञाला लिहिताना त्यांचे काम वाचून एक नेमका प्रश्न विचारा. सर्वांना एकच मजकूर पाठवला तर उत्तर येण्याची आशा धरू नका. उन्हाळ्यातील कामासाठी पत्रव्यवहार डिसेंबर-जानेवारीतच सुरू करावा लागतो.

उन्हाळी प्रशिक्षणासाठी एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हा कार्यक्रम तर प्रत्येकाने प्रयत्न करावा असा आहे. १९९३ पासून तो देशभर चालतो आणि तिथे प्रमेय सांगितले जात नाही, विद्यार्थ्याकडून काढून घेतले जाते.

९. पुढच्या परीक्षांचे वेळापत्रक आधीच आखा

आयआयटींतील एम.एस्सी.साठी जॅम ही परीक्षा साधारणपणे फेब्रुवारीत होते आणि तिचे अर्ज आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरले जातात. तिसऱ्या वर्षाचे वर्ग नुकते सुरू झालेले असतात, त्यामुळे ही तारीख हमखास निसटते. जॅमच्या गणिताच्या पेपरमध्ये भर ॲनालिसिस, लिनियर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि ग्रुप थिअरी यांवर असतो. न्युमेरिकल ॲनालिसिस त्यात नाही. गेट या दुसऱ्या राष्ट्रीय परीक्षेच्या गणिताच्या पेपरमध्ये मात्र ते आहे. म्हणजे जॅमची तयारी करताना तुमचा आवडता विषय वर्षभर मागे पडेल, हे गृहीत धरून आठवड्यातून एक संध्याकाळ तरी त्याला राखून ठेवा. अनेक केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी, संशोधनासाठी सीएसआयआर-यूजीसी नेट, आणि शिष्यवृत्तीसाठी राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची परीक्षा, यांच्या तारखाही त्याच वेळी वहीत नोंदवा. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांची प्रवेश प्रक्रिया वेगळी असते. तिची जाहिरात विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येते.

मुलाखत असेल तर एका प्रश्नाची तयारी नक्की करून जा, तो या ना त्या रूपात विचारला जातोच: समीकरणांचा संच दिला आहे, संगणकाने उत्तर दिले आहे, ते तुम्ही मान्य कराल का? उत्तर परत समीकरणांत घालून पाहिले आणि जुळले, एवढे सांगून थांबू नका. हिल्बर्टची दहा ओळींची मॅट्रिक्स घ्या. तिचा कंडिशन नंबर, म्हणजे आकड्यांतील छोटी त्रुटी उत्तरात किती पट वाढू शकते याचे माप, १० च्या तेराव्या घाताच्या घरात आहे, म्हणजे हाताशी असलेल्या सोळा अंकांपैकी सुमारे तेरा अंक गमावले जाऊ शकतात. समीकरणे उत्तम जुळतात आणि तरीही अज्ञातांच्या किमतींत जेमतेम तीन अंक भरवशाचे उरतात. ही मॅट्रिक्स पायथनमध्ये एका ओळीत तयार होते. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात ती स्वतः सोडवून, आलेले आकडे कागदावर लिहून सोबत घेऊन जा.